सुनेने पाठवलेले बारा ब्रश

सुनेने वाढदिवसाला मेकअपचे बारा ब्रश पाठवले आणि फोनवर बजावलं, "आई, वापरून बघा आणि खरं खरं सांगा."

यमुताईंची पंचाईत झाली. चष्म्याशिवाय आरशात काही दिसेना आणि चष्मा लावला की पापण्यांपर्यंत ब्रश पोचेना. शेवटी त्यांनी पेपर वाचत बसलेल्या नवऱ्यालाच पावडर-लाली लावायला घेतली. दत्तोपंत आधी कुरकुरले, पण गालांवरून मऊ ब्रश फिरू लागताच त्यांनी गपचूप डोळे मिटले.

तेवढ्यात शेजारच्या कर्णिकबाई विरजण मागायला आल्या. "भाऊजी, हवापालट करून आलात का? चेहरा कसा टवटवीत दिसतोय."

दत्तोपंतांनी त्या दिवशी तोंडच धुतलं नाही.

संध्याकाळी यमुताईंनी सुनेला सांगितलं, "ब्रश उत्तम आहेत गं. पण माझ्यासाठी दुसरे पाठव. हे तुझ्या सासऱ्यांनी कपाटात ठेवून कुलूप लावलंय."