मूळ पत्रा

"इथे भोक पाडायचं नाही," मास्तर म्हणाले आणि त्यांनी पत्र्यावर तळहातच ठेवला.

मुलीने ड्रिल खाली घेतलं. गॅरेजचं शटर अर्धं वर होतं. सकाळचं ऊन गाडीच्या तारेच्या चाकांपर्यंत आलं होतं. हिरवी, बुटकी, दोनच माणसं बसतील अशी ब्रिटिश स्पोर्ट्स कार, मास्तरांपेक्षा दहा वर्षांनी लहान. भंगारातून आणली तेव्हा तिच्यात कबुतरं राहत होती. शाळेत टेक्निकल ड्रॉइंग शिकवून उरलेल्या वेळात मास्तरांनी सतरा वर्षं खपून ती उभी केली. एकेका स्क्रूसाठी परदेशात पत्रं लिहिली. साधा पाना तिच्या नटांना बसत नसे. इंची पान्यांचा वेगळा डबा होता आणि त्याला हात लावायची घरात कुणाची टाप नव्हती.

चौदा महिने गाडी जागची हलली नव्हती. मास्तरांचा डावा पाय घोट्याच्या वरून कापावा लागला होता. नवा पाय चालायला चांगला होता, पण क्लच किती दबला हे त्याला कळत नव्हतं.

मुलगी एका कारखान्याच्या टूलरूममध्ये कामाला होती. तिने गिअरच्या दांड्यावर मोटरसायकलच्या ब्रेकसारखी एक मूठ बसवली होती. मूठ आवळली की क्लच दबणार, आणि त्याच हाताने गिअर टाकायचा. सगळं तयार होतं. फक्त मुठीतून निघालेली तेलाची नळी इंजिनाकडे न्यायला डॅशबोर्डखालच्या पत्र्यातून वाट हवी होती.

"दुसरीकडून ने."

"दुसरीकडे एक्झॉस्ट आहे, बाबा. नळी भाजून निघेल."

"मग राहू दे."

"करंगळीएवढं भोक आहे हो!"

"या गाडीत मूळचा असा हा एवढाच पत्रा उरलाय. साठ वर्षांत कुणी त्याला ड्रिल लावलं नाही. रेडिओसाठीसुद्धा नाही. आणि मी लावू?"

"लावणार ती आहे," चहा घेऊन आलेली बायको म्हणाली. "तुम्ही नुसते आडवे येताय."

"तुला काय कळतंय यातलं?"

"काही नाही. लग्न झाल्यापासून माझा हात कमी धरलात आणि पाना जास्त. मी आले का कधी आडवी?"

मुलगी हसली. मास्तर हसले नाहीत.

"खालचा पत्रा तुम्हीच बदललात ना?" मुलीने विचारलं. "दोन्ही बाजूंचा. तोही मूळचाच होता."

"ते वेगळं. तो सडला होता. कापून टाकण्यावाचून दुसरा..."

मास्तर थांबले. कुणीच खाली पाहिलं नाही. बायकोने हातातला कप बॉनेटवर टेकवला आणि लगेच उचलला. बॉनेटवर काही ठेवायचं नसे.

मास्तरांनी पत्र्यावरचा हात काढला.

"नळी केवढी आहे?"

"सहा मिलिमीटर. रबर धरून बाराचं भोक लागेल."

"अर्धा इंच धर. या गाडीत मिलिमीटर चालत नाही."

त्यांनी खिशातली पेन्सिल काढली. पट्टी दोनदा लावून पत्र्यावर बारीक फुली मारली. मुलीने ड्रिल उचललं.

"आधी पंच मार. नाहीतर टोक घसरेल आणि पत्रा ओरबाडेल."

तिने पंच मारला. मग ड्रिल त्यांच्यापुढे धरलं. मास्तर सीटवर बसले, नवा पाय हाताने उचलून आत घेतला आणि डॅशबोर्डखाली वाकले. ड्रिल किंचाळलं. पत्र्याचा कीस त्यांच्या पँटवर पडत राहिला. भोक आरपार गेल्यावर त्यांनी कानस मागितली, कड घासून गुळगुळीत केली आणि ब्रशने तिला रंग लावला.

"कड उघडी राहिली की गंज धरतो," ते म्हणाले. ते कुणाला सांगत होते ते कळलं नाही.

दुपारी नळी बसली. त्यातली हवा काढायला तीन माणसं हवी होती. मुलगी गाडीखाली गेली, मास्तर वरून तेल ओतत उभे राहिले, आणि मूठ दाबायला बायकोला बसवलं. स्टिअरिंगसमोर ती पहिल्यांदाच बसत होती.

"दाब. धरून ठेव. सोड. परत."

"किती वेळा?"

"बुडबुडे संपेपर्यंत."

चाळीसेक वेळा दाबून झाल्यावर ती म्हणाली, "आता लक्षात आलं, इतकी वर्षं मला इकडे का बोलावलं नाहीत ते. उपकारच केलेत."

या वेळी मात्र मास्तर हसले.

पाच वाजता त्यांनी गाडी सुरू केली. इंजिन खोकलं, मग एका लयीत चालू लागलं.

"शेजारी बसू?" मुलीने विचारलं.

"नको. चुकताना मला कुणी बघायला नको."

फाटकापर्यंत गाडी दोनदा बंद पडली. दुसऱ्या वेळी आचका एवढा जोरात बसला की मुलगी पुढे धावणार होती. बायकोने तिचा दंड धरला आणि दोघींनीही पाठ फिरवली. तिसऱ्या वेळी गाडी हळूच रस्त्यावर आली, कोपऱ्यावरून वळली आणि दिसेनाशी झाली.

दोघी फाटकात उभ्या राहिल्या. घरांच्या मागून इंजिनाचा आवाज येत होता. तो चढत गेला, तुटला. दात घासल्यासारखी कर्रकन कुरकुर झाली, मग आवाज पुन्हा खालून चढू लागला. मुलीने आईकडे पाहिलं. आईने डोळे मिटले होते.

आवाज आणखी एकदा तुटला, आणि या वेळी कुरकुर झाली नाही.

"तिसरा गिअर पडला," आई म्हणाली.