न भाजलेला राब

शेणवे गावच्या धाऊनं यंदा भाताच्या रोपांसाठी शेतात राब भाजलाच नाही. बारावीतल्या वैष्णवीचा, त्याच्या लेकीचा, खोकला काही केल्या हटत नव्हता, आणि जळत्या पाल्याचा धूरच तिला बाधतो असं त्याच्या मनानं घेतलं होतं. चूल आधीच परसात गेली होती. त्याची स्वतःची बिडीही सुटली होती.

तरी पोरीला चार पावलं चालली की धाप लागायची. शेवटी तो तिला शहापूरला दवाखान्यात घेऊन आला.

डॉक्टरीणबाईंनी छातीचा फोटो उजेडात धरला. बराच वेळ बघितला.

"घरात कोण बिडी-सिगारेट ओढतं?"

"कोणी नाय बाई. आमी घरात धूरच ठेवला नाय."

"बरं. हिला दम्याचा पंप चालू आहे का?"

"हाय ना! हिच्या मैत्रिणीनं कॉलेजातनं आणून दिला. वास पण कसा, पिकल्या आंब्यासारखा."

वैष्णवीनं बापाची बाही ओढली. पण धाऊला आता आपली बाजू पूर्ण सांगायची होती.



"पंप घ्यायला चुकत नाय हो ती. चार्जिंगला तर रोज मीच लावून देतो."