शनिवारचं वॅफल

"खा की गं, थंड होतंय," आयलर्टनं ताटली पुढं सरकवली. "का आज लोण्याची भीती वाटतेय?"

जेवणघरात हशा पिकला. टोरुन कसनुसं हसली. "पोट बरं नाहीये रे बाबा," म्हणाली आणि हात मांडीवर ठेवून बसून राहिली. वॅफलवरचं लोणी वितळून चाललं होतं.

उत्तर समुद्रातल्या या तेलफलाटावर शनिवारी वॅफल म्हणजे वॅफल. वादळ असो, नसो. आणि वॅफल आलं की भूगर्भतज्ज्ञ टोरुनची थट्टाही आलीच. सात वर्षांपूर्वी असंच वॅफल खाऊन तिनं विहिरीतून आलेला दगडाचा चुरा जांभळ्या दिव्याखाली धरला होता. चुरा लखलखला. तेल! रिवाजाप्रमाणे आचारी ओडमुंडनं शंभर माणसांचा केक केला, सगळ्यांनी ताव मारला, आणि मग कळलं की चमकत होतं ते बाईंच्या बोटांचं लोणी. विहिरीत निघालं नुसतं खारं पाणी.

तेव्हापासून खोदकामप्रमुख आयलर्टला आयता विषय मिळाला. टोरुन तरी कुठली ऐकतेय! दर शनिवारी ती दोन-दोन वॅफलं, लोणी थापून, सगळ्यांदेखत हाणायची.

पण या वेळची विहीर थट्टेवारी नेण्यासारखी नव्हती. तेल पूर्वेला आधीच सापडलं होतं. ते पश्चिमेला किती पसरलंय, एवढंच बघायचं होतं. पसरलंय, असं सगळ्या कचेरीत एकटी टोरुन म्हणत होती. तिच्याच शब्दावर हे खोदकाम चाललं होतं. पाणी लागलं असतं तर पुन्हा तिचं कोण ऐकणार होतं?

दगडाची अखंड कांडी रविवारी वर यायची होती. तोवर चुऱ्यात काय दिसतंय ते किनाऱ्यावरच्या कचेरीखेरीज कुणालाच सांगायची तिला मुभा नव्हती.

रविवारी दुपारी कांडी आली. तपकिरी, ओशट, वास थेट नाकात भरणारी. आयलर्टनं बोट लावलं, हुंगलं आणि डोक्यावरचं हेल्मेट काढलं.

"बाई, हरलो. हे काही लोणी नव्हे."

टोरुनला रडूच फुटलं. इतक्या वर्षांचं सगळं एकदम बाहेर आलं.

तेवढ्यात ओडमुंड केक घेऊन हजर. तीन थरांचा, मलईचा, वर टोरुनचं नाव.

आयलर्टच्या कपाळाला आठ्या पडल्या. "एवढा केक करायचा तर याची आख्खी रात्र जाते. टोरुन, तू याला कालच सांगितलंस? अगं, नोकरी जाईल अशानं!"

"आईशप्पथ, एक शब्द नाही!" तिचा चेहरा पांढराफटक पडला.

"तिला कशाला दटावतोस?" ओडमुंड सुरी पुसत म्हणाला. "दगडात काही नसलं की ही दोन वॅफलं खाते. काल लोण्याला बोटसुद्धा लावलं नाही. मी तिथंच अंडी फोडायला घेतली."