अर्धी बाटली नेलपॉलिश

किसनच्या ट्रंकेतून नेलपॉलिशची अर्धी रिकामी बाटली निघाली आणि नर्मदाच्या दुबईतल्या पहिल्याच दिवसाचा विचका झाला.

रंग लालभडक. तिनं बाटली नवऱ्यासमोर धरली. किसन चहा ओतत होता, तो कपात कमी आणि ओट्यावर जास्त पडला.

सहा वर्षं हा माणूस कामगारांच्या कॅम्पात राहिला. गेल्या महिन्यात फोरमन झाला, शहरात अल मनखूल वस्तीत एक खोली मिळाली, तशी त्यानं बायकोला बोलावून घेतलं. बिचारी विमानात डोळे घट्ट मिटून बसली होती. आणि स्वागताला हे!

"कुणाची ही?"

"माझीच. दोन दिरहमला घेतली. आपले चाळीसेक रुपये."

"तुम्ही नखं रंगवता?"

"अगं, वस्तूंवर नाव घालायला! कॅम्पात सगळ्यांची ताटं सारखी, पेले सारखे, हेल्मेटंसुद्धा सारखी. पेननं लिहिलेलं दोन धुण्यांत खलास. हे मात्र घासून घासून जात नाही. इतकी कामाची वस्तू मी दुबईत दुसरी घेतली नाही."

"किसन ही तीन अक्षरं लिहायला अर्धी बाटली लागली?"

"किसन नाही लिहिलं. आमच्या खोलीत तीन किसन होते. मग दुसरं नाव घातलं."

"कुणाचं?"

 बांधकामाच्या विसाव्या मजल्यावर बिनधास्त फिरणारा गडी, पण इथं मात्र कानापर्यंत लाल झाला.

"कॅम्पातला माझा खोलीसोबती यूनुस येतोय ना माझं उरलेलं सामान घेऊन," तो पुटपुटला. "मग बघ तूच."

"मला काही बघायचं नाही. परतीचं तिकीट कधीचं आहे, तेवढं सांगा."

तिला रडू फुटायच्या बेतात होतं. सहा वर्षं वाट बघितली ती याचसाठी का, असं तिला झालं.

तेवढ्यात दारावर थाप पडली. बाहेरून एक खणखणीत आवाज आला.

"ए नर्मदा! उघड की दार! हात मोडले माझे!"

नर्मदा दचकली. या परक्या मुलखात तिला नावानं हाक मारणारा हा कोण? खुद्द नवऱ्यानं हे नाव लग्नात घास भरवताना घेतलं होतं, तेवढंच. पदर सावरत ती उठली.

तिच्याआधी किसनच दाराकडे धावला.

"आलो रे यूनुस, आलो!"