चारशेचा आकडा

निघताना इलेक्ट्रिक गाडीच्या स्क्रीनवर, बॅटरी किती पुरेल ते दाखवणारा, चारशे किलोमीटरचा आकडा होता. "हार्बिनपर्यंत कुठे थांबायला नको," बोवेन सासऱ्यांना ऐटीत म्हणाला. शंभर किलोमीटर गेले, आणि थंडी, हीटर नि वेगाने तो आकडा दीडशेवर आणला. हार्बिन अजून दोनशे! बोवेनच्या तोंडचं पाणी पळालं.

तेवढ्यात मागून सासूबाई कण्हल्या, "जावईबापू, पुढच्या थांब्यावर घ्या हो. मला धीर नाही धरवत."

"निघतानाच जाऊन यायला काय झालं होतं तुला?" सासरे खेकसले. सासूबाईंची नजर पुढच्या स्क्रीनवर होती.

थांब्यावर बोवेनने हळूच गाडी चार्जिंगला लावली. अर्ध्या तासाने सासूबाई मक्याचं कणीस खात सावकाश परतल्या.

"आता बरं वाटतंय ना, आई?"

"गाडी किती भरली?" त्यांनी दबक्या आवाजात विचारलं.

"ऐंशी टक्के."

"मग वाटतंय बरं."