मुक्ताबाईंची तसबीर

"ही भिंतीवर लागणार नाय," मुक्ताबाई म्हणाल्या.

फुलांच्या माळा बांधणारे शिडीवरच थांबले. पंचायत समितीच्या सभागृहात आजवरच्या सगळ्या सभापतींच्या तसबिरी ओळीनं लावून झाल्या होत्या. शेवटची, माजी सभापती मुक्ताबाईंची, तेवढी टेबलावर होती. थोड्या वेळात पुढारी येणार, फीत कापणार, भाषणं होणार. आणि जिची तसबीर तीच बाई कमरेवर हात ठेवून आडवी उभी!

"ताई, आता ऐन वेळेला काय हे?" आत्ताचे सभापती विश्वजीत हसत म्हणाले. हसू वरवरचं होतं.

मुक्ताबाईंनी त्यांच्याकडं बघितलंसुद्धा नाही. त्या ओळीच्या पहिल्या टोकाला गेल्या आणि लेकीसाठी स्थळ बघावं तशा एकेकाला निरखायला लागल्या.

"हे बसलेत. खुर्चीत. हे पण बसलेत. यांना लई गोरं केलंय, एवढे गोरे ते लग्नातसुद्धा नव्हते. जाऊ द्या, बसलेत ना. हे तुमचे आबा, माझ्या आधीचे सभापती. एवढी मिशी आबांना कवा होती हो? पण बसलेत, पायावर पाय टाकून." ओळ संपवून त्या टेबलापाशी आल्या. "आन ही कोण? डोक्यावर पदर, मान खाली, हात जोडलेले. ही सभापती हाय, का लग्नाच्या मांडवात दारावर उभी केलेली बाई?"

चित्रकार प्रणय कोपऱ्यात घाम पुसत उभा होता. गारखेड्यात त्याचा स्टुडिओ होता, आणि एवढं मोठं काम त्याला पहिल्यांदाच मिळालं होतं.

"तू काढलीस?"

"हो, ताई."

"हात चांगला हाय तुझा. पदराचा काठ बघ, बोट लावून बघावा वाटतो. चेहरा तर माझाच हाय, नाय कोण म्हणतं? पण मला एक सांग, मी नमस्कार कुणाला करतेय?"

प्रणयनं विश्वजीतकडं बघितलं, मग बोलून टाकलं. "मंत्र्यांना, ताई. ऑफिसनं जो फोटो दिला त्यात समोर मंत्री होते. मला म्हणाले, त्यांना काढून टाक, ताईंना ठेव."

"म्हंजे मंत्री गेले निघून, आन मी हात जोडून उभीच?"

शिडीवरचा एकजण फिसकन हसला. विश्वजीतनी डोळे वटारले.

"दुसरा फोटोच नाही हो ऑफिसात," ते म्हणाले. "खुर्चीतला तुमचा एकसुद्धा सापडला नाही. मोठा माणूस आला की तुम्ही त्याला खुर्ची द्यायच्या आणि कडेला उभ्या राहायच्या. फोटोवाला तेव्हाच यायचा. आता याला आम्ही काय करणार?"

"मी द्यायचे?" मुक्ताबाईंचा आवाज एकदम चढला. "आबा सांगायचे, मुक्ताबाई, उठा, पाहुण्याला बसू द्या, रीत असते. आबांच्या टायमाला कोणता पाहुणा बसला हो त्यांच्या खुर्चीत? बाजूला खुर्ची टाकायचे पाहुण्याला! ही रीत बरी माझ्याच पाळीला निघाली. अडीच वर्षं कारभार केला मी. शाळाखोल्यांवर सही माझी, हापशांवर सही माझी. हात जोडून सही करता येती का कुणाला?"

"ताई, मानासाठीच केलंय सगळं."

"मान मला कळतो, विश्वजीत. बाबासाहेबांच्या तसबिरीपुढं रोज जोडते मी हात. कुणापुढं जोडायचे ते माझं मी ठरवीन."

बाहेर गडबड उडाली. फीत कापायला येणाऱ्या साहेबांची गाडी पडेगाव ओलांडून आली होती. विश्वजीत घायकुतीला आले. "मग करायचं काय? मोकळी भिंत कशी दिसेल?"

"खरी दिसंल. नावाची पाटी लावा खाली. वर काय नको."

वेळच नव्हता. प्रणयनंच टेबलावरची तसबीर उचलली आणि पडद्यामागं नेऊन ठेवली.

साहेब आले. विश्वजीतनी लगबगीनं पुढं होऊन त्यांना थेट सभापतींच्या खुर्चीत बसवलं आणि स्वतः बाजूला उभे राहिले. सवयच ती, विचार कशाला करायचा? हार झाले, शाली झाल्या, फीत कापून झाली. साहेब परत खुर्चीत टेकले आणि तिथूनच भिंतीवरून नजर फिरवत शेवटापर्यंत आले. तिथं पाटी होती. पाटीवर नाव होतं. वर नुसता चुना.

"मुक्ताबाई," साहेबांनी माइकवरच विचारलं, "तुमची तसबीर कुठाय?"

विश्वजीत मुक्ताबाईंना खुणावत होते, बसून राहा, मी सांगतो. त्या उठल्या. एवढ्या माणसांत, एवढ्या मोठ्या माणसाला उलटं बोलायचं म्हणजे खेळ नव्हे. पण आज गप्प बसलो तर आपण जन्मभर त्या मंत्र्यापुढंच उभ्या, हे त्यांना पक्कं कळलं होतं.

"काढायची राहिली, साहेब," त्या म्हणाल्या. "तुम्ही त्या खुर्चीतनं उठलात, की काढू."

साहेबांचं हसू ओठावरच राहिलं.

मग मागच्या रांगेतून प्रणय उठला. माणसांतून वाट काढत पुढं आला, खिशातला मोबाईल काढला, खुर्चीवर रोखून धरला आणि साहेब उठायची वाट बघत उभा राहिला.