सुईचा विटाळ

"मॉर्फिन टोचून घेताना सुई उकळायचात का?" प्राणेशच्या छातीवरचा स्टेथोस्कोप काढत जयनगरच्या डॉक्टरांनी विचारलं, आणि त्याच्या विधवा बहिणीला, सत्यवतीला, आपलेच शब्द आठवले. मुतखड्याच्या कळांवर सुरू झालेलं ते औषध कंपाउंडर भावाच्या मानगुटीवर बसलं, तेव्हा तो सुई तिच्याच चुलीवर उकळायचा. उगादीला, पाडव्याच्या सणाला, तिनंच दटावलं होतं, "सोवळ्यातल्या चुलीवर तुझी सुई नको." मग तो सुई नळाखाली नुसती विसळू लागला, आणि जंतू रक्तातून हृदयाच्या झडपेवर जाऊन बसले. सहा आठवडे पेनिसिलिन घेऊन तो घरी आला, पण पाचव्याच दिवशी त्याचा हात सिरिंजकडे वळला. सत्यवतीनं नैवेद्याचं पितळी पातेलं चुलीवर चढवलं आणि सुई स्वतःच्या हातानं त्यात सोडली. "अक्का, पातेलं बाटेल," तो पुटपुटला. "बाटू दे," ती म्हणाली, "व्यसन सुटेपर्यंत इथंच उकळायची. सरी? ठीक आहे ना?"